जुन्या मोटरहोमचं हेडलाइट वायरिंग बदलताय? या चुका टाळा

सारंगखेड्याची यात्रा करून रात्री दोंडाईच्याच्या रस्त्याने परतत होतो. पुढे उसाची ट्रॉली चालली आहे हे मला ती अगदी नाकासमोर आल्यावर कळलं. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता, हे खरं. पण माझ्या गाडीला तरी उजेड कुठे होता? जुनी मिनीबस, आत पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून केलेलं मोटरहोम, आणि तोंडावर पिवळट उजेडाचे दोन ठिपके. दुसऱ्या दिवशी जळगावात आमच्या नेहमीच्या वायरमनने दिवे लावून पाहिले आणि एवढंच म्हणाला, "नाना, हाई लाइट शे का कंदील शे?" (ही लाइट आहे की कंदील?)

पुढचे दोन महिने मी त्या कंदिलाच्या मागे होतो. खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या माझ्या स्वतःच्या आहेत. उरलेल्या ओळखीच्यांच्या गाड्यांत पाहिल्या.

उजेड कमी, म्हणून बल्ब मोठा

सगळे इथूनच सुरुवात करतात, मीही केली. ६०/५५ वॅटचा एच४ (एकाच बल्बात दोन फिलामेंटं असलेला हॅलोजन) काढला, १००/९० चा टाकला. पहिल्या रात्री बरं वाटलं. आठवड्याने बोनेटमधून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. कपलर, म्हणजे बल्बमागचा तारांचा प्लग, उपसून पाहिला तर मधली पिन तपकिरी पडलेली, भोवतालचं प्लॅस्टिक मेणासारखं ओघळलेलं.

कारण साधं आहे. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीकडून डॅशबोर्डवर येतो, लाइटच्या स्विचमधून जातो, डिपरच्या (झोत वर-खाली करायच्या) स्विचमधून जातो, आणि मग उलट फिरून दिव्यापर्यंत पोचतो. साधे दोन बल्ब मिळून सुमारे १० अँपिअर ओढतात. १००/९० टाकले की अप्परला (वरच्या झोताला; खालचा तो डिपर) तोच आकडा १७ च्या आसपास. तार तीच, वीस वर्षं झिजलेले स्विचचे पॉइंट तेच. बल्ब मोठा झाला म्हणजे तारेतली गळती, म्हणजे वाटेत पडणारं व्होल्टेज, तीही मोठी झाली. शिवाय एवढ्या वॅटचे बल्ब रस्त्यावर चालवायला परवानगीचे नसतात, आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातात ते वेगळंच.

हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक असतो. व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड जवळपास ३० टक्के पडतो. माझ्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते आणि बल्बच्या पिनांवर ११.८. म्हणजे बल्ब चांगला असूनही उजेड निम्म्याच्या जरा वर. बाकीचा उजेड वाटेतच तारा तापवण्यात खर्च होत होता. हे आधी मोजलं असतं तर बल्बचे पैसे आणि कपलर दोन्ही वाचले असते.

मीटर लावला, पण कपलर काढून

मोजायचं कसं, यातच बहुतेकांची गल्लत होते. कपलर बल्बवरून काढायचा, मल्टिमीटरच्या पिना त्यात खुपसायच्या, साडेतेरा व्होल्ट दिसले की "तार ठीक आहे" म्हणायचं. बल्ब काढल्यावर करंटच वाहत नाही, मग गळती दिसणार कुठून? गंजून एका धाग्यावर लटकलेली तारसुद्धा अशी तपासली तर पास होते.

कपलर बल्बवरच ठेवा, इंजिन चालू, दिवे चालू. मीटर २० व्होल्टच्या रेंजवर. लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, काळी पिन कपलरच्या मागून पेटलेल्या फिलामेंटच्या पिनेवर टेकवा. जो आकडा येईल ती प्लसच्या बाजूची गळती. मग एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी बल्बच्या अर्थ (करंट मायनसकडे परत नेणाऱ्या) पिनेवर, ती अर्थची गळती. माझ्याकडे प्लसला १.५ आणि अर्थला ०.६ आली. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंगला हात लावू नका. तुमचा प्रश्न काचेचा किंवा आतल्या काळ्या पडलेल्या रिफ्लेक्टरचा आहे, आणि त्यावर तांब्याची कितीही जाड तार टाकून उपयोग नाही.

रिलेच्या पिना अंदाजाने लावणे

गळती सापडली की उपाय रिले, म्हणजे थोड्या करंटने चालणारा जाड करंटचा स्विच. जुनी तार फक्त रिलेला इशारा देते, खरा करंट बॅटरीकडून जाड तारेने सरळ दिव्याला. अप्परला एक रिले, डिपरला एक. ३० नंबरवर बॅटरी, ८७ वर दिवा, ८६ वर स्विचकडून आलेली जुनी तार, ८५ वर अर्थ. इशाऱ्यासाठी डाव्या दिव्याचा जुना कपलर वापरला की पुरतं. उजव्याचा जुना कपलर उघडा लोंबकळत ठेवू नका, नीट झाकून बांधा.

दुकानात पाच पिनांचा रिले हातात पडतो, त्यात मधोमध ८७ए असते. तिथे दिव्याची तार लागली की स्विच बंद केल्यावर दिवे पेटतात आणि सकाळी सेल्फ फिरत नाही. चार पिनांचा मागून घ्या, डोक्याला ताप नको. ज्याच्या झाकणावरच्या आकृतीत डायोड दाखवला असेल त्यात ८६ ला प्लस आणि ८५ ला मायनस हे उलटं करून चालत नाही. रिले आडोशाला, पिना खाली तोंड करून बसवा, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. दिवे लावल्यावर रिले कटकट वाजत राहिला तर तो लगेच बाद समजू नका, आधी ८५ ची अर्थ पाहा.

तार किती जाड? माझ्याकडे बॅटरीपासून रिलेपर्यंत ४ स्क्वेअर एमएम, रिलेपासून दिव्यांपर्यंत अडीच. एक स्क्वेअर एमएमची तार डॅशबोर्डला वळसा घालून सहा मीटर फिरली की १० अँपिअरला एक व्होल्टहून जास्त खाते. चारची मीटरभर तार व्होल्टचा विसावा भागही खात नाही. तार घेताना टोक ब्लेडने खरवडून पाहा. वरून तांबं आणि आतून पांढरं दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे. दुकानदाराला परत द्या, तो काहीही म्हणो.

काही गाड्यांत, विशेषतः जपानी घडणीच्या, स्विच प्लसवर नसून अर्थवर असतो. तिथे वरची जोडणी चालत नाही. आधी दोन्ही दिव्यांचे कपलर काढा, टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या मायनसला लावा आणि स्विच फिरवून तिन्ही पिना तपासा. डिपरला एक पिन पेटली, अप्परला दुसरी आणि तिसरी कधीच नाही, तर साधी गाडी. एकच पिन दोन्ही वेळेला पेटली आणि बाकी दोन गप्प राहिल्या, तर तुमची गाडी दुसऱ्या जातीची. फक्त एका बाजूचा कपलर काढून तपासलंत तर दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा करंट येऊन फसवतो.

फ्यूज दिव्याजवळ

फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, बल्बच्या नाही. एका ओळखीच्या गाडीत फ्यूज सुबकपणे दिव्यामागे बसवला होता. बॅटरीपासून तिथवरची दोन मीटर तार रेडिएटरच्या पत्र्यावर घासत घासत उघडी पडली आणि मनुदेवीच्या पायथ्याशी गाडीतून धूर निघाला. फ्यूज शेवटपर्यंत शाबूत! त्याच्यापर्यंत करंट पोचलाच नव्हता. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा. मी तिथे ३० अँपिअरचा हिरवा लावलाय, आणि रिलेच्या पुढे चार फिलामेंटना चार वेगळे १० चे लाल. एक उडाला तर घाटात निदान एक डोळा तरी उरतो. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी ग्रोमेट, एवढं झालं की हा विषय संपला.

अर्थ: फायबरच्या तोंडाला स्क्रू

मला सगळ्यात जास्त याने छळलं. रिले बसले, तारा नव्या, प्लसची गळती ०.२ वर आली. मी खूश. रात्री दिवे लावले तर उजवा लख्ख आणि डावा पुन्हा कंदील. आणखी एक चमत्कार: डिपर लावलेला असताना डाव्याची दोन्ही फिलामेंटं अर्धवट लालसर पेटलेली. पार्किंग आणि इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर डावा हेडलाइट हलकेच मिणमिणायचा.

बॉडी बिल्डरकडे बांधलेल्या गाड्यांचं तोंड बऱ्याचदा फायबरचं असतं, आणि फायबरमधून अर्थ वाहत नाही. आधीच्या कुणा कारागिराने डाव्या बाजूच्या सगळ्या दिव्यांच्या काळ्या तारा एकत्र वळून दिव्यामागच्या एका पट्टीला कसल्या होत्या. ती पट्टी फायबरला रिव्हेट केलेली, आणि तिथून चासीपर्यंत एक गंजकी बारीक तार. करंटला घरी परतायची वाट मिळेना, म्हणून तो डिपरच्या फिलामेंटमधून अप्परच्या फिलामेंटमध्ये, तिथून अप्परच्या तारेने उजव्या दिव्यात जाऊन त्याच्या अर्थने परतत होता. दोन्ही फिलामेंटं अर्धवट पेटलेली दिसली की बल्ब, स्विच, रिले काही पाहू नका, त्या बाजूची अर्थ पाहा. जुन्या वायरिंगमध्ये अशा वेळी डॅशवरचा अप्परचा निळा दिवाही मंद पेटून चुगली करतो. रिले लावल्यावर तो दिवा इशाऱ्याच्या बाजूला राहतो, त्यामुळे ही खूण नाहीशी होते. मी म्हणूनच तीन रविवार घालवले.

शेवटी दोन्ही दिव्यांना अडीचची वेगळी अर्थ ओढली आणि चासीवर एका बोल्टला आणली. बोल्टखालचा रंग कानशीने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासला, थिंबल, दातेरी वॉशर, कसून नट, वरून ग्रीसचा लेप. त्याच बोल्टवरून बॅटरीच्या मायनसलाही एक तार. गळती ०.१.

पीळ आणि टेप

भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. काळ्या टेपचा गोंद तिथे महिनाभरात चिकट होऊन सरकतो आणि आतला पीळ उघडा पडतो. सांधा क्रिंपिंगच्या पकडीने दाबा, वर गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवा. नुसतं झाळणं (सोल्डरिंग) मला पसंत नाही. झाळलेली तार कडक होते आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी नेमकी त्या कडेला तुटते. लूम, म्हणजे तारांचा जुडगा, सायलेन्सरच्या पाइपापासून दूर बांधा. गाडी चार महिने अंगणात उभी राहणार असेल तर उंदरांचंही बघा; बंद मोटरहोमइतकी सुखाची जागा त्यांना दुसरी नाही.

घरची बॅटरी आणि २४ व्होल्ट

पंखा-फ्रिजची बॅटरी पलंगाखाली हाताशी असते, म्हणून तिथून हेडलाइटला सप्लाय घेतलेली गाडी मी पाहिली आहे. रात्रभर पंखा चालल्यावर पहाटे निघताना त्या बॅटरीत काय उरतं ते सांगायला नको. इंजिनच्याच बॅटरीवरून घ्या. आणि बस किंवा ट्रकच्या चासीवर बांधलेली गाडी असेल तर ती २४ व्होल्टची असू शकते. १२ चा रिले तिथे थोड्याच वेळात जळतो.

उजेड आला, पण झाडावर

सगळं झाल्यावर पहिल्याच फेरीत कन्नड घाटाच्या वाटेवर समोरून येणारा प्रत्येक ट्रक झोत खाली कर म्हणून मला डिपर मारत होता. मी डिपरवरच होतो. आमची पाण्याची टाकी मागच्या चाकांच्या मागे आहे. ती भरली, सामान चढलं, की गाडीचं बूड खाली बसतं आणि तोंड वर होतं. दिवे मी रिकाम्या गाडीवर बसवले होते.

नंतर टाकी भरून, सिलेंडर ठेवून, बायकोला शेजारच्या सीटवर बसवून गाडी पुन्हा नेली. आमच्याकडे एका बंद जिनिंगची लांब पांढरी भिंत आहे, समोर सपाट जागा. भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावली, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली आणि डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या १० सेंटीमीटर खाली येईपर्यंत मागचे स्क्रू फिरवले. डावा झाकायला घरची सतरंजी, मग उजवा झाकायला तीच. "झालं का हो?" असं बायकोने चौथ्यांदा विचारलं तेव्हा दोन्ही रेघा जुळल्या होत्या.