मधुमेहाच्या औषधात खंड पडू नये म्हणून: गोव्यातील कष्टकरी कुटुंबांसाठी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मधुमेहाविषयीची देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात देशाचे प्रमाण ११.४ टक्के असताना गोव्याचे २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, आढळले. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या नेहमीच्या गोळ्या जुन्या व स्वस्त आहेत, शिवाय सरकारी आरोग्य केंद्रांत त्या विनामूल्य मिळतात. तरीही सत्तरी, सांगे, काणकोणच्या वाड्यांवर किंवा वेर्ण्याच्या आसपासच्या कामगार वस्त्यांत गोळ्या मध्येच बंद पडलेली माणसे हमखास भेटतात, कारण फुकटच्या गोळीसाठीही बसचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी खर्ची पडते. औषध कोठे मिळते एवढे ठाऊक असून म्हणूनच भागत नाही. ते संपण्याआधी हातात येईल अशी व्यवस्था लावावी लागते.

पहिली गोष्ट म्हणजे खाडे कमी करणे. ज्यांचे निदान बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात झाले आहे, त्यांनी दरमहा तेथवर जाण्याऐवजी तेथील डॉक्टरांकडून उपचारांची स्पष्ट चिठ्ठी घेऊन आपल्या गावाजवळच्या प्राथमिक किंवा सामाजिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे. पंधरा दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवल्या जात असतील तर, आपण रोजंदारीवर आहोत हे सांगून, संपूर्ण महिन्याच्या मागाव्यात. हे सांगण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. बहुतेक वेळा समोरच्याला ती अडचण माहीतच नसते. साखर स्थिर असल्यास केसपेपर घेऊन घरातले दुसरे कोणी आले तर औषध मिळेल का, तेही त्याच भेटीत विचारून घ्यावे. आठवडाभराच्या गोळ्या उरल्या की पुढच्या फेरीची तयारी करावी. गणेश चवथीच्या दिवसांत मूळ घरी जाणाऱ्यांनी तर अधिकच आधी, कारण तेव्हा बाह्यरुग्ण विभाग आणि दुकाने दोन्ही बंद सापडतात.

केंद्रात एखादी गोळी शिल्लक नसली की ‘बाहेरून घ्या’ असे सांगितले जाते, आणि पैशाचा खरा प्रश्न तेथे उभा राहतो. अशा वेळी डॉक्टरांना औषधाचे जेनेरिक नाव, म्हणजे ब्रँडऐवजी मूळ घटकाचे नाव, लिहून देण्याची विनंती करावी आणि ती चिठ्ठी घेऊन जवळच्या जनऔषधी केंद्रात, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतील दुकानात, भाव विचारावा. जुन्या चिठ्ठ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. मधुमेहाच्या नव्या गोळ्यांपैकी व्हिल्डाग्लिप्टिनचे पेटंट २०१९ मध्ये, डापाग्लिफ्लोझिनचे २०२० मध्ये आणि सिटाग्लिप्टिनचे २०२२ मध्ये संपले. त्यानंतर अनेक कंपन्यांनी ही औषधे बाजारात आणली आणि किमती बऱ्याच खाली आल्या. पण पाच-सहा वर्षांपूर्वीची चिठ्ठी दाखवून तोच महागडा ब्रँड घेत राहणाऱ्या कुटुंबाला हे कोणी सांगितलेलेच नसते. घटक आणि मात्रा तीच असलेली स्वस्त गोळी घेण्यास हरकत नाही. घटकच बदलायचा असेल तर मात्र तो निर्णय डॉक्टरांचा. पूर्ण स्ट्रिप परवडत नाही म्हणून चार-पाच गोळ्या कापून घेतल्यास नाव, मात्रा आणि मुदतीची तारीख ज्या तुकड्यावर असते तो बहुधा दुकानातच राहतो, त्यामुळे ही माहिती दुकानदाराकडून पाकिटावर लिहून घ्यावी.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. दरमहाच्या गोळ्यांसाठी त्यावर विसंबू नये. याउलट कारखान्यात किंवा हॉटेलात कंत्राटी कामावर असलेल्यांनी आपल्या वेतनपावतीत ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) कपात दिसते का, हे जरूर पाहावे. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या विमाधारकाला आणि त्याच्या कुटुंबाला, आश्रित आईवडिलांसह, ईएसआयच्या दवाखान्यांतून बाह्यरुग्ण म्हणूनही औषधे मिळतात. पगारातून पैसे कापले जात असताना औषधाला पदरमोड करणारे कामगार पाहून फार वाईट वाटते.

इन्सुलिनच्या बाबतीत अडचण साठवणुकीची आणि सिरिंजची. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असते; वापरात असलेली साधारण चार आठवडे, ऊन व उष्णता टाळून, बाहेर चालते. घरात फ्रिज नसेल तर शेजाऱ्यांकडे ठेवावी किंवा ओल्या वाळूत बसवलेल्या मातीच्या मडक्यात, प्लास्टिकच्या डबीत बंद करून ठेवावी. पावसाळ्यातल्या दमट हवेत मडके फारसे थंड होत नाही, म्हणून त्या महिन्यांत एका वेळी एकच कुपी आणावी. सिरिंज घेताना टोपणाचा रंग पाहावा: लाल टोपणाची ४० युनिटच्या (दर मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या) कुपीसाठी, नारिंगी टोपणाची १०० युनिटच्या औषधासाठी. १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत भरले, तर वीसऐवजी पन्नास युनिट शरीरात जातात आणि साखर जिवावर बेतेल इतकी उतरू शकते.

गोळ्या पुरवून पुरवून, एक दिवसाआड घेण्याची सवय फार घरांत दिसते. तशी वेळ आलीच तर ते डॉक्टरांपासून लपवू नये, कारण वाढलेली साखर पाहून ते मात्रा वाढवतात आणि खर्चही वाढतो. राहून गेलेल्या गोळीची भरपाई म्हणून दुप्पट घेऊ नये. इन्सुलिन बंद पडलेल्या माणसाला उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास किंवा गुंगी सुरू झाली, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि किती दिवस औषध चुकले, ते येणाऱ्यांना सर्वांत आधी सांगावे.