ओसीडीची गोळी चालू केलीय? मग एवढं सांभाळा

राजापूरकडे मेडिकलच्या काउंटरवर बसतो, ओसीडीची (नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यापायी धुणं, तपासणं थांबवता न येणं, असा मनाचा आजार) चिठ्ठी घेऊन येणारे बरेच जण गोळीचं नाव मोबाईलवर शोधतात आणि घाबरून विचारतात, ही तर डिप्रेशनची गोळी, मला डिप्रेशन कुठाय? घाबरू नका. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन, एस्सिटालोप्राम या गोळ्या ओसीडीवरही देतात, आणि त्यात डोस बऱ्याचदा जास्त लागतो. शेजारच्या काकूंची सर्ट्रालिन 50 ची आणि तुमची वाढत वाढत 200 पर्यंत गेली म्हणजे डॉक्टर चुकला असं नाही, म्हणून कुणाच्या गोळीशी आपली गोळी ताडून बघू नका आणि डोस स्वतः कमीजास्त करू नका.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे धीर. गणपतीत गोळी चालू केली तर दिवाळीला साधारण 8 आठवडे होतात, मार्गशीर्षातल्या देवदिवाळीला 12, आणि ओसीडीत पुरेशा डोसवर एवढा वेळ दिल्याशिवाय गोळी लागू पडली की नाही ते ठरवता येत नाही. पण लोक पंधरा दिवसात म्हणतात काय उपयोग नाही, आणि बंद. त्यात आपल्याकडे सोवळंओवळं घराघरात, त्यामुळे तासन्‌तास हात धुणं हा आजार आहे हेच आधी कळत नाही, कळलं तरी कुणीतरी करणी म्हणतं. देवाला गाऱ्हाणं जरूर घाला, फक्त त्यासाठी गोळी थांबवू नका.

पहिल्या एकदोन आठवड्यात मळमळ, जुलाब, डोकेदुखी, झोप उडणं किंवा जास्त येणं असं होतं, बरंचसं आपोआप कमी होतं, जेवणानंतर घेतली की पोटाला बरं पडतं. लैंगिक तक्रारी मात्र टिकू शकतात, लाजू नका, डॉक्टरला सांगा, त्यावर मार्ग असतो. पण घरच्यांनी एक गोष्ट नीट बघायची, विशेषतः पेशंट 25 च्या आतला असेल तर: सुरुवातीला किंवा डोस बदलताना खूप बेचैनी, जीव नकोसा झाल्याचं बोलणं. तसं दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. झोपच लागत नाही आणि उत्साह, बडबड भलतीच वाढली तरी लगेच कळवा.

आता दुसऱ्या औषधांचं, कारण इथे गोंधळ खरा होतो. भाताच्या लावणीत कंबर धरली की लोक मेडिकलमधून काहीही मागतात. फ्लुवोक्सामिन चालू असेल तर टिझानिडिन हे स्नायू सैल करणारं औषध अजिबात नाही. ट्रामाडॉल ही दुखण्याची गोळी आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फनवालं खोकल्याचं सिरप यांच्याबरोबर वरची कुठलीही गोळी घेतली तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन जास्त होण्याचा धोका आहे, म्हणजे ताप, थरथर, घाम, अंग ताठ होणं, गोंधळल्यासारखं वागणं, असं झालं तर थेट हॉस्पिटल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून दुकानात आधी आपली गोळी सांगा, मग दुखण्याचं औषध मागा. दारू, माडी टाळाच. क्लोमिप्रामिन ही ओसीडीची जुनी गोळी देत असतील तर ईसीजी कधी काढायचा ते विचारून घ्या, जास्त गोळ्या पोटात गेल्या तर ती जीवघेणी ठरते, त्यामुळे पाकीट घरच्यांनी जपून ठेवावं.

पावसात घाटात दरड आली की माल अडकतो, म्हणून जूनच्या आधीच डॉक्टरला विचारून दोनतीन आठवड्यांच्या गोळ्या जादा घ्या, दमटपणात पाकिटातून काढून डबीत भरू नका. मुंबईच्या चाकरमान्याने आणलेला ब्रँड वेगळा दिसला तर आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळतंय का बघा. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

बरं वाटलं म्हणून एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, पॅरोक्सेटिन या त्याच गटातल्या गोळीला तर जास्तच. ही दारूसारखी चटक नव्हे, पण शरीराला सवय असते, म्हणून डोस हळूहळू उतरवायचा. आणि बरं वाटल्यावरही साधारण एक ते दोन वर्षं गोळी चालू ठेवायला सांगतात. दिवस राहायचा विचार असेल तर आधीच बोला, बातमी कळल्यावर घाबरून गोळी टाकून देऊ नका.

गोळीबरोबर ईआरपी थेरपी मिळाली तर फार चांगलं, म्हणजे भीती वाटणारी गोष्ट थोडी थोडी करायची आणि नंतर धुणं, तपासणं रोखायचं. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात चौकशी करा, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलतात. डॉक्टरकडे जाताना बीपी, शुगर, काढे, चूर्णं, सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या, आणि दिवसातला किती वेळ धुण्यात जातो ते वहीत लिहून न्या, डोस ठरवायला डॉक्टरला तेच लागतं.