7,20,720 या संख्येचे गुणधर्म कागद-पेन्सिलीने कसे शोधावेत

मोठी संख्या समोर आली की भागाकाराला हात घालण्यापूर्वी तिचे अंक नीट न्याहाळावेत. 7,20,720 ही संख्या आपल्या लाख-हजारांच्या पद्धतीने लिहिली की तिची ठेवण झाकली जाते. स्वल्पविराम काढून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडले, तर 720 आणि पुन्हा 720 असे दोन सारखेच गट दिसतात. म्हणजे ही संख्या 720 × 1000 + 720, अर्थात 720 × 1001 आहे. 1001 = 7 × 11 × 13 हे पाठच करून ठेवावे, कारण तेच तीन अंक त्याच क्रमाने दोनदा लिहून होणाऱ्या प्रत्येक सहा अंकी संख्येला 7, 11 आणि 13 या तिन्ही संख्यांनी निःशेष भाग जातो.

आता 720 = 16 × 9 × 5 हे मांडले की मूळ अवयव पूर्ण होतात: 2⁴ × 3² × 5 × 7 × 11 × 13. पुढचे सारे या एका ओळीतून निघते, म्हणून ती पुन्हा गुणून तपासून घ्यावी.

यानंतर विभाजक मोजावेत. कोणताही विभाजक तयार करताना 2 हा अवयव शून्य ते चार वेळा घेता येतो, म्हणजे पाच पर्याय. 3 साठी तीन पर्याय. आणि 5, 7, 11, 13 यांपैकी प्रत्येकासाठी घेणे किंवा न घेणे असे दोनच. म्हणून एकूण विभाजक 5 × 3 × 2 × 2 × 2 × 2 = 240 होतात. उदाहरणार्थ, 2³ × 3 × 5 × 7 निवडले तर 840 मिळतात आणि मागे राहिलेल्या अवयवांचा गुणाकार 858 येतो. दिलेल्या संख्येचे वर्गमूळ जवळजवळ 849 असल्याने ही जोडी त्याच्या दोन्ही बाजूंना, प्रत्येकी 9 च्या अंतरावर बसते. मला या संख्येतली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते. तिच्यापेक्षा लहान असलेल्या एकाही संख्येला 240 विभाजक नाहीत. स्वतःहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या अशा संख्यांवर श्रीनिवास रामानुजन यांनी 1915 साली सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता.

अंकांची बेरीजही करून पाहावी. ती 18 येते, आणि 18 ने भागल्यास बरोबर 40,040 मिळतात. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी हर्षद संख्या म्हटले.

शेवटी लसावि पाहावा. 1 ते 16 या संख्यांत 2 चा सर्वांत मोठा घात 16, 3 चा 9 आणि 5, 7, 11, 13 यांचा पहिलाच असल्याने त्या सर्वांचा लसावि नेमका 7,20,720 येतो. 17 ने भागल्यास मात्र बाकी 5 उरते; तो अवयव गुणून घेतला की 1,22,52,240 मिळतात, आणि 18 = 2 × 9 असल्यामुळे तिला 1 ते 18 पर्यंतच्या प्रत्येक संख्येने भाग जातो.