ड्राइव्हवर चढवण्याआधी फॉन्ट बघा

धडगाव-अक्कलकुव्याच्या लाभार्थी याद्या क्लाउडवर (गूगल ड्राइव्हवर) गेल्या, आणि मोबाइलवर उघडल्या तर नावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं! ‘पावरा’ आडनाव शोधलं, एकही नोंद नाही. कारण याद्या श्रीलिपी, कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टात होत्या; तो फॉन्ट नसेल तिथे त्यांतली मराठी इंग्रजी अक्षरांतच दिसते. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे दिसणाऱ्या मराठीत, बदलायचं काम आधीच उरकलेलं बरं.

१. मूळ एक्सेल फाइलची प्रत काढा. काम प्रतीवरच.

२. नाव-गावाचे रकाने तेवढे कॉपी करून युनिकोड कन्व्हर्टरमध्ये टाका. कुठल्या फॉन्टातून बदलायचं ते नीट निवडा. आधार नंबर, खाते नंबर, तारखा यांना अजिबात हात लावू नका. आकड्यांची वाट लागते. आणि या याद्यांत लोकांची खासगी माहिती आहे, म्हणून इंटरनेट बंद ठेवून चालणारा कन्व्हर्टरच वापरा.

३. बदललेला मजकूर जुन्या रकान्याशेजारी चिकटवा. प्रकाशा, तऱ्हाडी, म्हसावद यांसारखी जोडाक्षरांची गावं नीट उमटली का बघा. ‘ऱ्ह’ हमखास फसतो.

४. मग अपलोड, तेही संस्थेच्या खात्यावर. कार्यकर्त्याच्या खासगी जीमेलवर ठेवाल तर फायलींची मालकी त्याच्याकडेच राहते.

जुनी फाइल आणि तो फॉन्ट पेन ड्राइव्हवर राहू द्या. ऑडिटला कुणी मागेल.