स्पोर्ट्स कारमधून चांगले मायलेज कसे मिळवावे

पोर्शे ९११ कॅरेरासारखी गाडी घेऊ. वजन सुमारे दीड टन, इंजिन तीन लिटरचे, ताकद पावणेचारशे अश्वशक्तीच्या आसपास. ही गाडी सपाट, कोरड्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरच्या स्थिर वेगाने चालत असेल, तर हवेचा विरोध आणि टायरांचे घर्षण मिळून तिला चाकांशी जेमतेम पंधरा-सोळा अश्वशक्ती लागते. उरलेली साडेतीनशेहून अधिक अश्वशक्ती त्या वेळी कामाला नसते, परंतु ती निर्माण करण्यासाठी बांधलेले मोठे सिलिंडर, रुंद टायर आणि अवजड ब्रेक मात्र प्रत्येक किलोमीटरला सोबत ओढावे लागतात. स्पोर्ट्स कारचे मायलेज सुधारण्याचा सगळा प्रश्न येथे आहे: मोठ्या इंजिनाकडून थोडे काम करून घेताना त्याची आतली नासाडी कमीत कमी कशी ठेवायची, आणि एकदा मिळवलेला वेग ब्रेकमध्ये कसा वाया जाऊ द्यायचा नाही. गाडी सावकाश चालवणे हा त्याचा एक भाग आहे, पण सर्वांत मोठा भाग नव्हे.

आधी मोजमाप

डॅशबोर्डवरचा सरासरीचा आकडा सोयीचा असला, तरी तो पडताळून घेतल्याशिवाय त्यावर विसंबू नये. एकाच पंपावर, शक्य तर त्याच मशीनवर, नॉझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावे, आणि पुढच्या वेळी तशीच टाकी भरून कापलेल्या अंतराला भरलेल्या लिटरांनी भागावे. पंपावरचा कर्मचारी रक्कम पूर्ण करण्यासाठी वरून आणखी थोडे पेट्रोल टाकू लागल्यास त्याला नम्रपणे थांबवावे, कारण त्या अर्ध्या-एक लिटरने हिशेब बिघडतो. दोन-तीन टाक्यांनंतर डॅशबोर्डचा आकडा किती खरा आहे हे कळते. परदेशी बनावटीच्या गाड्या पुष्कळदा १०० किलोमीटरला किती लिटर अशा एककात खप दाखवतात, तेव्हा शंभराला त्या आकड्याने भागले की आपले नेहमीचे ॲव्हरेज मिळते; आठ म्हणजे लिटरला साडेबारा किलोमीटर.

टायर आणि ब्रेक

टायरमधील हवा गाडी किमान तीन तास उभी राहिल्यानंतर, म्हणजे टायर थंड असताना तपासावी. दाराच्या खांबावरील स्टिकरवर पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगवेगळे असतात, आणि मागे इंजिन असलेल्या गाडीत हा फरक बराच असतो. सर्व चाकांत सरसकट एकच दाब भरून घेण्याची आपल्याकडची सवय येथे अजिबात चालत नाही. मायलेजच्या लोभाने स्टिकरपेक्षा जास्त हवाही भरू नये. सुमारे ३०० मिलिमीटर रुंदीच्या आणि बुटक्या बाजूंच्या टायरला खड्ड्याचा घाव झेलण्यासाठी मुळातच फार थोडी जागा असते, आणि एक अलॉय व्हील वाकले तर वर्षभरात वाचवलेल्या पेट्रोलचे पैसे त्यात निघून जातात.

व्हील अलाइनमेंटकडे स्पोर्ट्स कारच्या मालकाने इतरांपेक्षा अधिक लक्ष द्यावे. पावसाळ्यानंतर तर ते तपासावेच, कारण चाकांची दिशा किंचित जरी आत किंवा बाहेर वळली, तरी रुंद टायर रस्त्यावर सतत तिरका घासत राहतो आणि पेट्रोल व रबर दोन्ही झिजवतो. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, अडकत असल्यास त्याची परीक्षा घरी करता येते: मोकळ्या रस्त्यावर काही किलोमीटर ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी चालवावी, सुरक्षित जागी हळूहळू थांबवावी आणि प्रत्येक चाकाजवळ, डिस्कला स्पर्श न करता, हात धरून पाहावा. पुढच्या किंवा मागच्या जोडीतील एकच चाक स्पष्टपणे अधिक तापलेले जाणवले, तर तेथे पॅड सुटत नाही असे समजून गाडी गॅरेजमध्ये न्यावी.

गिअर: सर्वांत मोठी बचत

पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना हवेच्या वाटेवरील थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते, आणि पिस्टनला प्रत्येक वेळी त्या चिंचोळ्या फटीतून हवा ओढावी लागते. ही ओढाताण आणि आतले घर्षण, दोन्ही इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतात. म्हणून तेच पंधरा अश्वशक्तीचे काम तीन हजार आरपीएमवर (म्हणजे मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर) हलक्या पायाने करण्याऐवजी दीड-पावणेदोन हजारांवर थोड्या अधिक दाबाने केले, तर वेग तोच राहतो आणि पेट्रोल कमी जळते. वेग घेतानाही हेच लागू होते. दर गिअरमध्ये रेंगाळत अतिशय संथपणे वेग वाढवण्यापेक्षा, ॲक्सिलरेटर निम्म्याच्या आसपास ठाम दाबून, दोन-अडीच हजारांवर गिअर बदलत लवकर वरच्या गिअरमध्ये पोहोचणे अधिक फायद्याचे असते.

गाड्यांच्या कंपन्यांनाही हे पुरते ठाऊक आहे. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने जास्त पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर कर बसवला. तो टाळता यावा म्हणून १९८९च्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या सहा गिअरच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये अशी योजना केली गेली, की हलक्या पायाने वेग घेताना गिअरचा दांडा पहिल्यावरून सरळ चौथ्याकडेच जाई. चालकांना ती आवडली नाही, पण आठ सिलिंडरच्या मोठ्या व्ही-८ इंजिनाला कमी वेगातही चौथा गिअर सहज पेलतो, हे त्यातून स्पष्ट होते. २०१४च्या कॉर्व्हेटमध्ये तर हलक्या भाराच्या वेळी आठांपैकी चार सिलिंडर बंद ठेवण्याची सोय आली. त्यामागचे तत्त्व हेच.

एक मर्यादा मात्र कसोशीने पाळावी. बाराशे-तेराशे आरपीएमवर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नये, विशेषतः टर्बो, म्हणजे दाबून हवा भरणाऱ्या, इंजिनात, कारण तेथे ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटून पिस्टनला इजा होऊ शकते. जोरात वेग हवाच असेल, तर एक-दोन गिअर खाली यावे आणि मग दाबावे. ऑटोमॅटिक गाडीत हे काम गिअरबॉक्स स्वतः करतो, फक्त त्याला ते करू द्यावे: स्पोर्ट मोडमध्ये तो खालचा गिअर धरून ठेवतो, आणि अनेक गाड्यांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोयही त्या मोडमध्ये थांबते. रोजच्या वापरासाठी नॉर्मल मोडच योग्य.

सकाळी गाडी सुरू केल्यावर ती उभी ठेवून तापवत बसू नये. अर्ध्या मिनिटात निघावे आणि तेलाचे तापमान ८० अंशांच्या वर जाईपर्यंत इंजिनाचे फेरे कमी ठेवावेत. थंड इंजिन जास्त पेट्रोल मागते, त्यामुळे दोन-तीन किलोमीटरच्या कामांसाठी स्पोर्ट्स कार बाहेर काढणे हा तिचा सर्वांत महागडा वापर आहे.

पुढचे पाहून चालवणे

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नेहमी दिसणारा प्रसंग घ्यावा. उजव्या मार्गिकेत ट्रक संथपणे दुसऱ्या ट्रकला ओलांडत असतो; मागची वेगवान गाडी अगदी जवळ येऊन ब्रेक दाबते, ताशी १०० वरून ६० वर येते, आणि वाट मोकळी होताच पुन्हा झेप घेते. दोन माणसे आणि सामान धरून सोळाशे किलो वजनाच्या गाडीला ६० वरून पुन्हा १०० वर नेण्यासाठी, वाटेतील इतर विरोध सोडूनही, सुमारे चाळीस मिलिलिटर पेट्रोल लागते. असे पंचवीस वेळा झाले की एक लिटर पेट्रोल ब्रेकच्या उष्णतेत गेले. ट्रकचा इंडिकेटर किंवा त्याचे रेषेकडे सरकणे अर्धा किलोमीटर आधीच हेरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर गाडी ७५-८० पर्यंतच उतरते आणि तोवर वाट मोकळी होते. जोरदार ब्रेक असलेल्या गाडीत उशिरा थांबण्याचा मोह अधिक असतो, म्हणून ही सवय जाणीवपूर्वकच लावून घ्यावी लागते. टोलनाका, गतिरोधक, गावातील चौक, सगळीकडे हाच नियम लागू आहे.

पाय काढल्यावर आत काय घडते हे तात्कालिक खपाच्या आकड्यावर प्रत्यक्ष पाहता येते. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, की आकडा शून्यावर येतो, कारण पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद झालेले असतात आणि चाकेच इंजिन फिरवत असतात. फेरे उतरत उतरत आयडलच्या, म्हणजे उभ्या गाडीतील इंजिनाच्या किमान फेऱ्यांच्या, जवळ आले, की इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल पुन्हा सुरू होते आणि आकडा हलतो. याउलट न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःच्या पेट्रोलवर चालत राहते. त्यामुळे उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचते हा समज चुकीचा आहे, आणि घाटात तर तो प्राणघातक ठरू शकतो.

खोपोली ते लोणावळा या चढात गाडी सुमारे साडेपाचशे मीटर उंच चढते, आणि केवळ त्या उंचीसाठी अशा गाडीला लिटरभर पेट्रोल लागते. त्यात काटकसर फारशी होत नाही. इंजिन न गुरगुरता ओढू शकेल असा सर्वांत वरचा गिअर ठेवावा, वेगमर्यादेत स्थिर राहावे आणि पुढच्या वाहनापासून एवढे अंतर राखावे की चढावर ब्रेक लावण्याची वेळच येऊ नये. बचत होते ती परतीच्या उतारावर. तेथे तिसरा किंवा चौथा गिअर ठेवून फेरे दोन हजारांच्या आसपास राहू द्यावेत, म्हणजे इंजिन गाडीला रोखून धरते, ब्रेक थंड राहतात आणि बराच वेळ पेट्रोलचा थेंबही खर्च होत नाही. पोर्शेच्या पीडीके या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पाय काढताच इंजिन चाकांपासून सुटे करून गाडी घरंगळू देण्याची सोय आहे. सौम्य उतारावर, जेथे वेग टिकवायचा आहे, तेथे ती लाभदायक ठरते, पण तीव्र उतारावर स्टीअरिंगमागची डावी पट्टी ओढून गिअर परत घ्यावा.

लांबचा सरळ रस्ता

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि सपाट भागात मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १०० ऐवजी १२० ने जाताना तो ४४ टक्क्यांनी वाढतो. टायरांचा विरोध फारसा बदलत नाही, आणि दोन्ही मिळून चाकांशी लागणारी प्रत्येक किलोमीटरची ऊर्जा साधारण चतुर्थांशाने वाढते. नागपूरहून निघालेल्या माणसाचा सबंध मार्गावर वाचतो तो सव्वा तासाहून थोडा कमी वेळ. माझ्या मते १०० ते १०५ हा वेग येथे सर्वांत समतोल आहे, आणि तापलेल्या काँक्रीटवर टायरांसाठीही तोच बरा. ठरवलेला वेग आपोआप राखणारा क्रूझ कंट्रोल सपाट भागात जरूर वापरावा, मात्र चढ-उतारांच्या भागात स्वतःच्या पायाने चालवून चढावर वेग थोडा उतरू द्यावा. छत उघडणाऱ्या गाडीत शहराबाहेर छत आणि खिडक्या बंद ठेवून एसी लावणे हे वारा आत घेत जाण्यापेक्षा स्वस्त पडते.

पेट्रोल

टाकीच्या झाकणाच्या आतील बाजूस किती ऑक्टेन (पेट्रोल अवेळी न पेटण्याच्या क्षमतेचा अंक) हवे आणि किती इथेनॉल चालते, हे लिहिलेले असते. टर्बो इंजिनाला मागणीपेक्षा कमी ऑक्टेन दिले, तर ते स्वतःला वाचवण्यासाठी ठिणगी उशिरा देते आणि मायलेज घटते. परंतु ज्या इंजिनाला ९५ पुरते, त्यात इंडियन ऑइलच्या एक्सपी१०० सारखे १०० ऑक्टेनचे पेट्रोल भरून वाढीव दर वसूल होण्याची अपेक्षा ठेवू नये. इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. आपल्या ॲव्हरेजची तुलना परदेशी चाचण्यांच्या किंवा स्वतःच्याच जुन्या नोंदींच्या आकड्यांशी करताना एवढी वजावट धरावी, नाहीतर गाडीत नसलेला दोष शोधण्यात वेळ आणि पैसा जातो.