चित्रप्रदर्शनातले प्राइस टॅग: या चुका टाळा

चित्रं पॅक झालेली असतात, फ्रेमच्या मागे तार बांधून झालेली असते, आणि मग रात्री उशिरा कुणाला तरी आठवतं की टॅग राहिले. घरातल्या प्रिंटरवर एक पान छापायचं, कात्रीने तुकडे करायचे, झालं. दुसऱ्या दिवशी महिनोन्‌महिने खपून केलेल्या चित्राशेजारी कडा वळलेली एक चिठ्ठी दिसते. हे पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं, कारण चांगला टॅग करायला फारसा खर्च येत नाही. फक्त दोन-तीन दिवस आधी बसावं लागतं.

कागदापासून सुरुवात करू. रोजच्या छपाईचा कागद ७० ते ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन इतके ग्रॅम) असतो. तो भिंतीवर वळतो आणि पोपडा सुटल्यासारखा दिसतो. २५० ते ३०० जीएसएमचं मॅट कार्ड घ्या. ग्लॉसी कार्ड हातात छान वाटतं, पण स्पॉटलाइटखाली चकाकतं आणि आकडाच वाचता येत नाही. घरचा प्रिंटर जाड कार्ड ओढत नसेल तर छपाईच्या दुकानातून लेझर प्रिंट काढा. बऱ्याच इंकजेट शाया ओलसर बोट लागलं तरी पसरतात, ही अडचण लेझरला येत नाही. टॅगला थोडी जाडी हवी असेल तर छापील कागद ३ किंवा ५ मिलिमीटरच्या फोम बोर्डावर चिकटवून कापा.

कापताना कात्री नकोच. स्टीलची पट्टी, खाली कटिंग मॅट आणि कटरमध्ये नवं पातं. फोम बोर्ड एका जोरात कापायला गेलात तर आतला फोम फाटतो आणि कड खरबरीत होते. हलक्या हाताने तीन वेळा पातं फिरवा. कड तरीही फाटत असेल तर पातं बोथट झालंय, ते बदला.

एक तक्रार हमखास येते: ‘मी ९ × ५.५ सेंटिमीटरचे टॅग केले होते, छापून लहान आले.’ प्रिंट देताना ‘पानात बसवा’ हा पर्याय पुष्कळदा आधीच निवडलेला असतो. तो काढून १०० टक्के, म्हणजे मूळ आकार ठेवा. आधी एकच पान छापून पट्टीने मोजा, मग बाकीची छापा.

मराठीत टॅग करणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये टाइप करा आणि दुकानात पीडीएफच द्या. ओळींमधलं अंतरही वाढवा. इंग्रजीसाठी ठरलेलं अंतर तसंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. १४ पॉइंटपेक्षा लहान अक्षर नको, चित्राचं नाव १६ ते १८ पॉइंट चालेल. आकडे देवनागरी किंवा इंग्रजी, एकच पद्धत सगळीकडे ठेवा. सुलेखनासारखे वळणदार फॉन्ट निमंत्रणपत्रिकेवर शोभतात, टॅगवर ते वाचणाऱ्याला त्रास देतात.

आता मजकूर. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, माध्यम, आकार, वर्ष आणि किंमत, एवढं पुरतं. माध्यम लिहिताना नुसतं ‘तैलरंग’ नको, ‘कॅनव्हासवर तैलरंग’ लिहा. आकारात आधी उंची आणि मग रुंदी, हा चित्रकलेतला रुळलेला क्रम आहे. एका टॅगवर ६० × ९० आणि दुसऱ्यावर त्याच मापाचं, तसंच आडवं चित्र ९० × ६० लिहिलं असेल, तर घरच्या भिंतीचं माप मनात घेऊन आलेला माणूस गोंधळतो. आकार फ्रेम सोडून दिलाय का आणि किंमत फ्रेमसह आहे का, हे लिहायचं राहून जातं आणि पैसे देताना वाद होतो. मर्यादित आवृत्तीचा प्रिंट असेल तर ५/२५ असा क्रमांक टाका, म्हणजे पंचविसातली पाचवी प्रत हे कळतं.

‘किंमत विचारा’ असं लिहू नका. विचारायला संकोच वाटणारे लोक खूप असतात, आणि ते न विचारता पुढे जातात. चित्र विकायचं नसेल तर ‘विक्रीसाठी नाही’ असं सरळ लिहा. ९९ वर संपणारी किंमत किंवा छापील आकडा खोडून पेनाने लिहिलेला नवा आकडा, दोन्ही चित्राचा मान कमी करतात. किमतीचं अक्षर बाकी मजकुरापेक्षा मोठं करायचीही गरज नाही. आणि टॅगवरची किंमत व टेबलावरच्या यादीतली किंमत वेगळी निघाली तर खुलासा करता करता नाकी नऊ येतात. म्हणून दोन्ही एकाच तक्त्यातून काढा.

लावताना दुहेरी चिकटपट्टी वापरली की काढताना भिंतीचा रंग सुटून येतो. आयोजकांना आधी विचारा. गुळगुळीत भिंतीवर पुन्हा वापरता येणाऱ्या चिकट पुट्टीचे छोटे गोळे पुरतात. कापडी पॅनेलवर पुट्टी धरत नाही, तिथे टाचणी किंवा, कापड लवदार असेल तर, वेल्क्रोची खरबरीत बाजू लावा. चित्रावर, फ्रेमवर किंवा काचेवर मात्र काहीही चिकटवू नका, गोंदाचा डाग राहतो. टॅग चित्राच्या उजवीकडे, फ्रेमच्या खालच्या कडेच्या रेषेत, चार-पाच सेंटिमीटर अंतरावर लावा, आणि हे सगळ्या चित्रांना सारखं ठेवा. नजरेवर विसंबू नका, स्पिरिट लेव्हल धरा.

चित्र विकलं गेलं की टॅग काढू नका. त्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका लावा, राखून ठेवलं असेल तर अर्धा. ठिपक्यांसोबत त्याच कार्डाचे काही कोरे तुकडे, टॅगचा जादा संच, पुट्टी आणि पट्टी एका डब्यात घालून ठेवा. चित्रं टांगल्यावर एखादा टॅग पडतो, एखाद्यावर चुकीचं वर्ष सापडतं, आणि तेव्हा प्रिंटर जवळ नसतो.