सॅटेलाईट फोन शोधताय? भीमगड-चोर्ल्याच्या रानात जाण्याआधी या चुका टाळा

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे निघालं आणि जांबोटी मागे पडली की मोबाईलची रेंज येते-जाते करायला लागते. कणकुंबीपर्यंत रस्त्याकडेला कुठे ना कुठे दोन काड्या मिळतात. पण रस्ता सोडून आमगाव, गवाळी, तळेवाडीच्या बाजूला आत शिरलं की फोनचा उपयोग फोटोपुरता उरतो. तिथल्या माणसांना हे नवीन नाही. पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावर घालून रस्त्यापर्यंत आणायची पाळी त्या गावांवर येते. बेळगावहून रविवारी जाणाऱ्यांना मात्र याची जाणीव कुणाचा तरी पाय मुरगळल्यावर होते, आणि मग पुढच्या ट्रेकआधी ग्रुपमध्ये विषय निघतो: आपण एक सॅटेलाईट फोन, म्हणजे टॉवरऐवजी थेट उपग्रहावरून चालणारा फोन, घेऊन ठेवूया का?

विषय निघतो हे चांगलंच आहे. पण चर्चा लगेच मॉडेल आणि किमतीवर जाते, आणि चुका तिथूनच सुरू होतात.

पहिली आणि सर्वांत महाग चूक: ऑनलाइन दिसला म्हणून मागवणं

भारतात सॅटेलाईट फोन परवानगीशिवाय वापरता येत नाही आणि जवळ बाळगताही येत नाही. १८८५ चा तार कायदा, १९३३ चा बिनतारी कायदा आणि आता २०२३ चा दूरसंचार कायदा, सगळ्यांचा रोख एकच आहे: अशा यंत्राला सरकारी परवाना लागतो. २००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेक्यांनी थुराया फोन वापरले होते, त्यानंतर याबाबत यंत्रणा फारच कडक झाल्या. थुराया आणि इरिडियम या कंपन्यांचे फोन इथे चालत नाहीत. दुबईहून येणाऱ्या पाहुण्याने भेट म्हणून आणला तरी नाही, आणि पेटीत बंद करून ठेवला तरी नाही.

अनेकांचा समज असा की हे फक्त बोलायच्या फोनपुरतं आहे. गार्मिनचं इनरीच नावाचं छोटं यंत्र मिळतं. त्यावरून फक्त मेसेज आणि एसओएस, म्हणजे संकटातली मदतीची हाक, जाते. परदेशी ट्रेकर ते सर्रास बॅगेला अडकवून फिरतात. पण तेही इरिडियमच्या उपग्रहांवर चालतं, म्हणून तेही याच नियमात येतं. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवाशाच्या सामानात ते सापडलं आणि प्रकरण पोलीस आणि कोर्टापर्यंत गेलं. आपल्याला गोवा म्हणजे चोर्ला उतरला की आलाच. परदेशातून येणारा भाचा किंवा मैत्रीण गोव्याला उतरून आपल्यासोबत ट्रेकला येणार असेल, तर त्यांना निघण्याआधीच सांगा की ते यंत्र घरीच ठेवून या. त्यांच्या देशात ते किराणा दुकानात मिळण्याइतकं साधं असतं, त्यामुळे त्यांच्या मनात शंकाही येत नाही.

मग कायदेशीर मार्ग आहे का? आहे. बीएसएनएलने मे २०१७ मध्ये इनमारसॅट कंपनीच्या उपग्रहांवरून सॅटेलाईट फोनची सेवा सुरू केली. उपग्रहाशी जोडणारं तिचं जमिनीवरचं केंद्र गाझियाबादला आहे. आपत्ती निवारण, पोलीस, रेल्वे अशा सरकारी यंत्रणांना ती आधी दिली गेली. एखाद्या संस्थेला किंवा बचावकार्य करणाऱ्या गटाला हा फोन खरोखर हवा असेल, तर अर्ज बीएसएनएलकडे करायचा, दूरसंचार खात्याची मंजुरी घ्यायची आणि मंजुरीचा कागद फोनसोबत बाळगायचा. पुढच्या रविवारच्या ट्रेकसाठी हा मार्ग नाही. दरवर्षी पावसाळ्यात लोकांना घेऊन जाणाऱ्या संस्थेने मात्र जरूर विचार करावा. माझं मत विचाराल तर गावपातळीवर, कणकुंबी किंवा हेमाडग्यासारख्या ठिकाणी असा एक फोन असणं हे दहा ट्रेकर्सकडे दहा फोन असण्यापेक्षा जास्त मोलाचं आहे.

"माझ्या आयफोनमध्ये सॅटेलाईट आहे"

आयफोन १४ पासून पुढच्या मॉडेल्समध्ये उपग्रहावरून मदत मागायची सोय दिली आहे, पण ती सेवा ठरावीक देशांतच मिळते. भारत त्यात नाही. जाहिरात पाहून या भरवशावर रानात जाऊ नका.

रिव्ह्यू वाचून फोन निवडणं

परवानगी मिळाली, फोन हातात आला, असं धरून चालू. यूट्यूबवरचे बहुतेक रिव्ह्यू अलास्का, आल्प्स किंवा वाळवंटात केलेले असतात. तिथली अडचण वेगळी. उत्तरेकडच्या देशांत विषुववृत्तावरचा उपग्रह क्षितिजाला टेकलेला दिसतो, त्यामुळे एक डोंगर मध्ये आला की संपर्क तुटतो. म्हणून तिथले लोक इरिडियमची शिफारस करतात: ७८० किलोमीटर उंचीवर फिरणारे ६६ उपग्रह, एक गेला की दुसरा येतो.

आपलं गणित उलटं आहे. बेळगाव १६ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली आहे. इनमारसॅटसारखा भूस्थिर (जमिनीवरून कायम एकाच जागी दिसणारा) उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो, आणि तो हिंदी महासागरावर असेल तर आपल्याला दक्षिणेच्या आकाशात बराच वर दिसतो, क्षितिजापासून साधारण ६५ ते ७० अंशांवर. म्हणजे दरीत असलो तरी डोंगर सहसा आड येत नाही. आड येतात ती झाडं. भीमगडच्या सदाहरित रानात डोक्यावर पानांचं छत असतं, आणि जून ते सप्टेंबर ती पानं ओली असतात. ओलं पान सिग्नल खातं. पाऊस स्वतः या लहरींना फारसा अडवत नाही. "पाऊस आहे, फोन लागणार नाही" असं म्हणून फोन बॅगेतच ठेवणारे आणि झाडाखाली आडोशाला उभं राहून प्रयत्न करणारे, दोघंही चुकतात. पावसात भिजत का होईना, मोकळ्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, या.

म्हणून वाट ठरवताना नकाशावर मोकळ्या जागा आधीच खुणावून ठेवा. चोर्ल्याच्या बाजूचे कातळसडे, गावांभोवतीची भातशेती, नदीचं रुंद पात्र (पाणी कमी असेल तेव्हाच), कड्याची माथ्यावरची धार. दोन मोकळ्या जागांमध्ये चालायला किती वेळ लागतो हे माहीत असेल, तर जखमी माणसाजवळ कुणी थांबायचं आणि फोन घेऊन कुणी जायचं हे लगेच ठरवता येतं.

फोन लागत नसेल तर पुढच्या क्रमाने बघा. अँटेना पूर्ण उघडली आहे का आणि आकाशाकडे सरळ आहे का? दक्षिणेचं आकाश मोकळं आहे का? फोनला जीपीएसवरून स्वतःची जागा कळली आहे का? इनमारसॅटच्या आयसॅटफोन २ सारखे फोन आधी जागा शोधतात आणि मगच उपग्रहाकडे नोंदणी करतात. ते होईपर्यंत चालू नका, एका जागी उभे राहा. घाईत फोन बंद-चालू केला तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं. प्रीपेड सिम असेल तर व्हॅलिडिटी संपली नाही ना, हे घरीच तपासायचं असतं. रानात त्याला इलाज नाही.

कॉल लागल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवा. आवाज उपग्रहापर्यंत जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, समोरच्याचं उत्तर यायला तेवढाच. "हॅलो, हॅलो" करत बोलत राहिलात तर दोघांचे शब्द एकमेकांवर आदळतात आणि बॅटरी जाते. एक वाक्य बोला, थांबा, ऐका.

नंबर आणि ठिकाण चुकीचं सांगणं

ही चूक फोन कुठलाही असो, होते. सॅटेलाईट फोनवरून लावताना भारताचा कोड लागतो. बेळगावचा लँडलाईन नंबर ०८३१ ने सुरू होतो, तो लावायचा +९१ ८३१ असा, मधलं शून्य काढून. खानापूरचा ०८३३६ आहे, तो +९१ ८३३६. गोव्याचा ०८३२, म्हणजे बेळगावच्या कोडपेक्षा शेवटच्या एका आकड्याचा फरक. घाबरलेल्या माणसाचं बोट तिथे हमखास घसरतं. म्हणून नंबर फोनमध्ये पूर्ण कोडसह सेव्ह करा, आणि एका कागदावर लिहून प्लॅस्टिकमध्ये ठेवा. ११२ हा लहान नंबर नेहमीच्या फोनसाठी आहे. सॅटेलाईट फोनवर त्याच्या भरवशावर राहू नका, खानापूर पोलीस ठाणं आणि जिल्हा नियंत्रण कक्ष यांचे पूर्ण नंबर घ्या. फोनला मदतीचं लाल बटण असेल तर ते दाबल्यावर मेसेज कुणाला जातो, हे आधी स्वतः भरून ठेवावं लागतं. घरच्यांच्या मोबाईलवरून उलट कॉल लागेलच असं नाही, म्हणून पुढचा कॉल किती वाजता करणार तेही पहिल्याच कॉलमध्ये सांगा.

आता ठिकाण. समजा तुमच्या फोनवर १५.५७, ७४.३५ असं दिसतंय. ही दशांशातली अंशं आहेत, म्हणजे १५ अंश ३४ मिनिटं आणि ७४ अंश २१ मिनिटं: भीमगडचं रान. पण फोनवर तुम्ही "पंधरा, सत्तावन्न, चौऱ्याहत्तर, पस्तीस" एवढंच बोललात आणि समोरच्याने ते अंश आणि मिनिटं समजून लिहून घेतलं, तर ठिकाण येतं बेळगाव शहराच्याही उत्तरेला, काकतीच्या बाजूला. जवळपास ५० किलोमीटरचा फरक. बचाव पथक पूर्ण प्रामाणिकपणे चुकीच्या ठिकाणी जाईल. म्हणून "पंधरा पॉइंट पाच सात अंश" असं स्पष्ट बोला, समोरच्याला परत म्हणायला लावा, आणि सोबत जवळच्या गावाचं नाव, ओढा, ट्रेक जिथून सुरू केला ते ठिकाण सांगा. गावची माणसं आकड्यांवर नाही, ओढ्या-पाणवठ्यांच्या नावांवर शोधतात, आणि प्रत्यक्षात सगळ्यात आधी पोचतात तीच.

सीमेवरचा टॉवर विसरणं

सॅटेलाईट फोन नसलेल्यांसाठी, म्हणजे आपल्या जवळजवळ सगळ्यांसाठी, हा भाग सर्वांत महत्त्वाचा.

आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा टॉवर मिळत असेल तर ११२ लागतो. स्क्रीनवर "फक्त इमर्जन्सी कॉल" दिसत असेल तर निराश होऊ नका, लावून बघा. पण चोर्ल्याच्या माथ्यावर फोन गोव्याचा टॉवर पकडू शकतो, तिलारी-पारगडच्या बाजूला महाराष्ट्राचा. तुम्ही उभे कर्नाटकात आणि कॉल जातो शेजारच्या राज्याच्या नियंत्रण कक्षात, असं होऊ शकतं. म्हणून पहिलं वाक्य हे असू द्या: "कर्नाटक, बेळगाव जिल्हा, खानापूर तालुका, अमुक गावाजवळ." काय झालं ते त्यानंतर.

बेळगाव-बेंगळूरकडे कॉल गेला तर समोरून कन्नडमध्ये विचारणा होईल. आपल्यापैकी बहुतेकांना कामापुरतं कन्नड येतं, पण घाबरल्यावर ते आठवेलच असं नाही. ग्रुपमध्ये चांगलं कन्नड बोलणारा एक माणूस ठरवा आणि तो कॉल करेल असं निघतानाच सांगून ठेवा.

कॉल लागत नसेल तर एसएमएस करा. क्षीण रेंजमध्ये जिथे बोलणं होत नाही तिथे मेसेज निघून जातो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम जवळ असू द्या. आणि रेंज नसलेल्या पट्ट्यात फोन विमान मोडवर टाका, नाहीतर टॉवर शोधत राहून संध्याकाळपर्यंत बॅटरी उतरते. जीपीएसला टॉवर लागत नाही. नकाशा आधी डाउनलोड केला असेल तर विमान मोडवरही आपली जागा दिसते.

वॉकीटॉकीवर जास्त भरवसा

पुढची तुकडी आणि मागची तुकडी यांच्यात बोलायला वॉकीटॉकी उत्तम. २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले कमी ताकदीचे संच विनापरवाना वापरता येतात, मात्र संचाला सरकारी मान्यता असावी लागते. बाजारात स्वस्तात मिळणारे पाच वॉटचे चिनी संच यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी परीक्षा देऊन हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओ वापरणाऱ्यांचा, परवाना घ्यावा लागतो. ती परीक्षा अवघड नाही, आणि एका तरी सदस्याने ती द्यावी असं मला मनापासून वाटतं. खोक्यावर छापलेले पाच-दहा किलोमीटर मोकळ्या मैदानातले असतात. दाट झाडीत, घाटाच्या वळणापलीकडे त्यातलं फारच थोडं उरतं.

घरी काही न ठेवता निघणं

वनखात्याची परवानगी घेतली असेल तर तुम्ही कुठे गेलात हे एका ठिकाणी नोंदलेलं असतं. शोध सुरू करायला तेवढा धागाही खूप असतो. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी असताना चोरून जाणारे हा धागाच तोडून टाकतात. त्यांना शोधायचं कुठे, हेच कुणाला कळत नाही.

शिवाय घरी एका जबाबदार माणसाकडे चिठ्ठी ठेवा. तिच्यात हे हवं: गाडी कुठे लावणार आणि तिचा नंबर, कुठल्या वाटेने जाणार आणि कुठल्या वाटेने परतणार, सोबत कोण आणि त्यांचे नंबर, कुणाला दमा किंवा साखरेचा त्रास, गावातल्या वाटाड्याचं नाव आणि नंबर. आणि एक वेळ: संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तर वाटाड्याला फोन, आठपर्यंत खानापूर पोलीस ठाण्याला. ती वेळ सगळ्यांनी मिळून ठरवा, आणि उशीर होणार असेल तर रेंज मिळताच आधी तिथे कळवा, फोटो नंतर टाका.